खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा; मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४, कराड परिसर) हे भारतीय कुस्तीगीर होते. फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९५२ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके जिंकली होती. तथापि ती भारताच्या खात्यात धरावीत की ब्रिटनच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खाशाबांच्या पदकाबाबत असा कोणताही वाद नाही. लहान चण आणि विजेसारखी चपळाई यांमुळे इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव मिळाले. शासकीय कागदपत्रांत व क्रीडाविषयक लेखनात त्यांचा उल्लेख बहुधा के. डी. जाधव असा आढळतो.

बालपण आणि कराडचे दिवस

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव आहे. खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना आखाड्याच्या मातीत उतरवले. दक्षिण महाराष्ट्रात त्या काळी गावोगावी तालमी होत्या. पहाटे उठून जोर-बैठका काढणे, हौद्यातील लाल माती फावड्याने उकरून मऊ करणे, तिच्यात तेल, हळद, ताक व लिंबाचा रस मिसळणे आणि मग वस्तादाच्या देखरेखीखाली लढतीचा सराव करणे असा तेथील क्रम असे. जत्रेच्या मैदानात नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंतची बक्षिसे असत आणि चांगल्या मल्लाचे नाव चार तालुक्यांत पोहोचत असे. खाशाबांच्या घडणीत या वातावरणाचा वाटा मोठा आहे.

त्यांचे माध्यमिक शिक्षण १९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. यशवंतराव चव्हाण हेही याच शाळेचे विद्यार्थी. कुस्तीचे शास्त्रशुद्ध धडे त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडून मिळाले. दंडबेटकुळ्यांच्या बळापेक्षा डावपेच, पायांची चपळाई आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोलाचा अंदाज यांवर त्यांचा भर पुढेही कायम राहिला, त्याचे मूळ या काळातील शिक्षणात असावे. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या हाताच्या विळख्यात धरून त्याला अंगावरून पलीकडे फेकणे असे या डावाचे थोडक्यात वर्णन करता येईल. अंगाने थोराड मल्लही या डावात सापडला म्हणजे त्याचे वजन त्याच्याच विरुद्ध जाते, म्हणून लहान चणीच्या मल्लाला हा डाव विशेष फलदायी ठरतो.

हायस्कूलमधील ही वर्षे स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन धामधुमीची होती. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथेच प्रतिसरकार उभे राहिले. शाळकरी खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. एकविसाव्या वर्षी त्यांनी देशाचे स्वातंत्र्य पाहिले, आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत ते स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी गेले.

कोल्हापूर

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. मल्लविद्येच्या दृष्टीने त्यांना याहून योग्य गाव मिळाले नसते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्यामुळे पंजाबपासूनचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहत. १९१२ साली बांधून पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात हजारो प्रेक्षकांसमोर कुस्त्या होत. ऑलिंपिकची वाटही या भागाला अगदीच अपरिचित नव्हती. १९२० साली अँटवर्पच्या स्पर्धेसाठी सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने जो पहिला भारतीय संघ गेला, त्यात रणधीर शिंदे व कुमार नवले हे दोन मराठी मल्ल होते. त्यांपैकी शिंदे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. त्याच संघात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत धावले. म्हणजे खाशाबांच्या आधी बत्तीस वर्षे पदकाच्या उंबरठ्यावरून एक मराठी मल्ल परत आला होता. ही गोष्ट आज फारशी कोणास ठाऊक नसते.

महाविद्यालयातील त्यांच्या पहिल्या दिवसांची एक हकिकत सर्व चरित्रकारांनी दिली आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदवायला ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्यांची गाठ घेतली. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्या स्पर्धेत या विद्यार्थ्याने स्वतःहून धिप्पाड मल्लांना एकामागून एक चीत केले. शरीराच्या मापावरून मल्लाची पारख करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. खाशाबांना तिला आयुष्यात अनेकदा तोंड द्यावे लागले.

लंडन, १९४८

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा होऊ शकल्या नाहीत. युद्धोत्तर पहिली स्पर्धा १९४८ साली लंडन येथे भरली आणि तिच्यासाठी खाशाबांची फ्लायवेट (५२ किलो) गटात निवड झाली. प्रवासखर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. कोल्हापूर संस्थान तेव्हा अद्याप विलीन झालेले नव्हते. संस्थानी राजाश्रयाचा हा बहुधा शेवटचा मोठा लाभार्थी मल्ल म्हणता येईल.

लंडनमध्ये खाशाबांपुढे खरी अडचण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा गादीची होती. मातीतील कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत केवळ पृष्ठभागाचा फरक नाही. मातीत पाय रुततो, अंग धुळीने माखल्यामुळे पकड घट्ट बसते, आणि एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चालू राहू शकते. एका कुस्तीला तास-दीड तास लागल्याची उदाहरणे जुन्या मैदानांत पुष्कळ सापडतात. गादीवर पाय सरकतो, अंगावर घाम असल्याने पकड निसटते, वेळ ठरलेला असतो, आणि चितपट झाली नाही तर पंचांच्या मतांवर निकाल लागतो. ज्या डावाने मातीत चार क्षण थांबून प्रतिस्पर्ध्याला दमवता येते, तोच डाव गादीवर आळस म्हणून गणला जाऊ शकतो. गादीवरच्या कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा खाशाबांना पूर्वानुभव नव्हता. अमेरिकेचे माजी विजेते कुस्तीगीर रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना त्या वेळी लाभले आणि थोड्या अवधीत त्यांनी जमेल तेवढे आत्मसात केले.

पहिल्याच लढतीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला थोड्याच मिनिटांत नमवून प्रेक्षकांना चकित केले. पुढे अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही त्यांनी मात केली. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला आणि अखेर त्यांना सहावा क्रमांक मिळाला. या गटाचे सुवर्णपदक फिनलंडच्या लेनार्ट व्हिटालाने जिंकले. गादीवर जवळजवळ प्रथमच उतरलेल्या, बावीस वर्षांच्या महाविद्यालयीन मल्लाला जगात सहावे स्थान मिळणे ही गोष्ट साधी नव्हती. परंतु हॉकी संघाने इंग्लंडमध्येच ब्रिटनला हरवून सुवर्णपदक मिळवल्याच्या जल्लोषात ती झाकोळून गेली. खाशाबा स्वतः या क्रमांकावर समाधानी नव्हते. परत आल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे गादीच्या कुस्तीवर लक्ष केंद्रित केले आणि वजन वाढवून वरच्या गटात जाण्याची तयारी केली.

निवडीचा पेच आणि पैशाचा प्रश्न

१९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड होताना जे घडले, ते भारतीय क्रीडा प्रशासनाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत कोलकात्याच्या निरंजन दास यांच्याविरुद्ध खाशाबांना एका गुणाने मागे ठरवण्यात आले. पंचांनी पक्षपात केला अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह हे स्वतः क्रीडापटू व कुस्तीचे चाहते होते. त्यांच्याकडे खाशाबांनी दाद मागितली. महाराजांनी दोघांची पुन्हा लढत ठरवली आणि तीत खाशाबांनी दास यांना अल्पावधीत चितपट करून वाद मिटवला. पुढे निरंजन दास हेही भारतीय संघातून हेलसिंकीला गेले व फ्लायवेट गटात लढले, हे येथे सांगितले पाहिजे.

निवड झाली तरी जाण्यासाठी पैसे नव्हते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे १९४८ साली ज्या दाराशी जाता आले ते दार आता उरले नव्हते. नव्या शासनात खेळाडूंना परदेशी पाठवण्याची कोणतीही ठरलेली व्यवस्था अजून निर्माण झाली नव्हती. या दोन व्यवस्थांच्या मधल्या पोकळीत खाशाबा सापडले. त्यांच्या हालअपेष्टांचा विचार करताना ही पार्श्वभूमी सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम दिली आहे. एप्रिल १९५२ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झालेले मोरारजी देसाई यांच्याकडे मदतीची विनंती करण्यात आली, तेव्हा स्पर्धा झाल्यानंतर भेटावे असे उत्तर मिळाल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे शासनाकडून ४,००० रुपये मिळाले.

अशा वेळी गाव पुढे आले. गोळेश्वर व कराड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. कोणी रोख रक्कम दिली, कोणी प्रवासाला उपयोगी पडेल असे सामान दिले. दुकानदार, शेतकरी, तालमीतील सोबती यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. खाशाबा व त्यांचे कुटुंबीय घरोघरी फिरले. सर्वांत मोठा आधार दिला तो राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी. त्यांनी कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. त्या काळच्या सात हजारांचे मोल आजच्या वाचकाला लगेच उमगणार नाही. एका शिक्षकाने आपले डोक्यावरचे छप्पर पणाला लावले, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. खर्डेकर हे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. तेथे अभ्यासाला बसणाऱ्या किती विद्यार्थ्यांना या घराची गोष्ट माहीत असेल, हे सांगणे कठीण.

हेलसिंकी, १९५२

हेलसिंकीतील कुस्तीच्या लढती मेस्सुहाली या प्रदर्शनगृहात झाल्या. खाशाबा यंदा बँटमवेट गटात होते. त्या काळच्या नियमांनुसार एक लढत पंधरा मिनिटांची असे. बाद पद्धत आजच्यासारखी नव्हती. पराभवाला आणि चितपट न करता मिळवलेल्या विजयालाही दोषगुण मिळत आणि ठरावीक मर्यादेपर्यंत दोषगुण साचले की मल्ल स्पर्धेतून बाहेर पडे. म्हणून चितपट कुस्तीला विशेष महत्त्व होते. चितपट झाली नाही तर तीन पंच आपापला कौल देत, आणि निकाल ३-० किंवा २-१ असा लागे.

पहिल्या लढतीत त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिकँ याला १४ मिनिटे २५ सेकंदांनी चितपट केले. वेळ संपायला जेमतेम अर्धे मिनिट उरले असताना मिळालेला हा विजय त्यांच्या दमसासाची साक्ष देतो. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्यांनी ५ मिनिटे २० सेकंदांतच अस्मान दाखवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झबरोबरची लढत चुरशीची झाली आणि खाशाबांनी ती २-१ अशा कौलाने जिंकली. पहिल्या तिघांत त्यांचे स्थान आता पक्के झाले होते.

अखेरच्या टप्प्यात त्यांच्यासमोर दोन मल्ल होते. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयॉव्ह. इशी हा मुळात ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने ज्युदोवर निर्बंध आणले, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. त्याच्याशी झालेल्या दीर्घ झुंजीत खाशाबा ०-३ असे हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना मम्मदबेयॉव्हविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले, असे भारतीय वृत्तांतांत सातत्याने म्हटले आहे. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाचे अंतर असावे असा नियम होता. परंतु हा मुद्दा मांडण्यासाठी त्या वेळी गादीजवळ एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ही लढतही ०-३ अशी हरले. इशीने सुवर्णपदक मिळवले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होते. मम्मदबेयॉव्ह रौप्यपदकाचा मानकरी ठरला आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. पुरती विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय, हा प्रश्न कुस्तीशौकिनांत आजही चर्चिला जातो. त्याचे निश्चित उत्तर देता येणार नाही. पदाधिकारी गैरहजर राहिल्याने मल्लाला आपली बाजू मांडताच आली नाही, हे मात्र खरे.

या पदकाची तारीख २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवून सुवर्णपदक जिंकले. बलबीरसिंग यांनी त्या सामन्यात एकट्याने पाच गोल केले. वृत्तपत्रांची पाने हॉकीने भरून गेली आणि कांस्यपदकाच्या बातमीला कोपऱ्यात जागा मिळाली. हेलसिंकीहून भारताने आणलेली पदके ही दोनच. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक पटकावला. एकाच संघातून, एकाच परिसरातील दोन मल्ल एकाने पदक मिळवावे आणि दुसऱ्याचे थोडक्यात हुकावे, अशी ही कामगिरी होती. माणगावे यांचे नाव मात्र आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे.

परतीचे स्वागत

राजधानीत किंवा मुंबईत खाशाबांचे विशेष स्वागत झाले नाही. कराडने ती उणीव भरून काढली. रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरच्या महादेव मंदिरापर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. सजवलेल्या १५१ बैलगाड्या तीत होत्या असे सांगितले जाते. ढोल, लेझीम आणि हलगीच्या तालावर चाललेल्या या मिरवणुकीला, एरवी पाव तासात कापता येणाऱ्या अंतरासाठी, सात तास लागले. ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांना आपले पैसे कुठे गेले ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहता आले.

यानंतर खाशाबांनी केलेली पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर्जफेड. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. पुढे गोळेश्वरात बांधलेल्या घराला त्यांनी ऑलिंपिक निवास असे नाव दिले.

पोलीस सेवा

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढील वर्षी मेलबर्न येथे होणाऱ्या ऑलिंपिकसाठी त्यांची तयारी चालू होती, पण गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीने ती संधी हिरावून घेतली. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली. वयाच्या तिशीत असा शेवट व्हावा, ही कोणत्याही मल्लाच्या दृष्टीने दुर्दैवाची गोष्ट. दलाच्या अंतर्गत स्पर्धांत त्यांनी यश मिळवले आणि क्रीडा मार्गदर्शक म्हणूनही काम केले.

सेवाकाळातील त्यांच्या पदोन्नतीची कथा आनंददायी नाही. ऑलिंपिक पदकविजेता असूनही ते दीर्घकाळ उपनिरीक्षक पदावरच राहिले, असे त्यांच्यावरील लेखनात आढळते. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या वेतनासाठीही त्यांना पाठपुरावा करावा लागला. क्रीडा संघटनांनी त्यांच्या अनुभवाचा उपयोग राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणासाठी करून घेतला असता तर गादीच्या कुस्तीत भारताची वाटचाल कदाचित लवकर सुरू झाली असती. मातीतून गादीवर जाताना काय शिकावे लागते, हे त्या पिढीत त्यांच्याइतके स्वानुभवाने जाणणारे फार थोडे होते. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. १९८३ साली फाय फाउंडेशनने त्यांचा गौरव केला. हयातीत त्यांच्या वाट्याला आलेले सन्मान एवढेच.

मृत्यू आणि मरणोत्तर सन्मान

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कराड परिसरात झालेल्या रस्ते अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. लॉस एंजेलिसची ऑलिंपिक स्पर्धा त्याच्या दोनच दिवस आधी संपली होती आणि तीत भारताला एकही पदक मिळाले नव्हते.

त्यांच्या पदकाचे मोल देशाच्या ध्यानात येण्यास आणखी काळ जावा लागला. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा यापूर्वीचे वैयक्तिक पदक कोणाचे, असा शोध वृत्तपत्रांतून सुरू झाला आणि ४४ वर्षांपूर्वीचे एक नाव पुन्हा छापून आले. कुस्तीतील पुढच्या पदकासाठी त्याहून अधिक, म्हणजे ५६ वर्षे वाट पाहावी लागली. २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार यांनी ते मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास तर ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या दिवशी महाराष्ट्रातील प्रत्येक बातमीत खाशाबांचे नाव होते.

महाराष्ट्र शासनाने १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर दिला. केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तो त्यांना मरणोत्तर मिळाला तो २००० सालासाठी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलात उभारलेल्या कुस्तीच्या बंदिस्त क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. पद्म पुरस्कार मात्र त्यांना मिळालेला नाही. त्यांच्यानंतरच्या बहुतेक ऑलिंपिक पदकविजेत्यांना पद्म सन्मान मिळालेले असल्याने ही त्रुटी ठळकपणे जाणवते. त्यासाठी कुटुंबीय व कुस्तीप्रेमी यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती प्रशिक्षण केंद्र उभारण्याची शासकीय घोषणा होऊनही काम रखडले, तेव्हा २०१७ साली पदकाचा लिलाव करून केंद्र उभारू, असा इशारा कुटुंबीयांना द्यावा लागला होता.

क्रीडापत्रकार संजय दुधाणे यांनी खाशाबांचे मराठी चरित्र लिहिले आहे. १५ जानेवारी २०२३ रोजी, ९७ व्या जयंतीच्या दिवशी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला.